पेशी : दार असलेली वीट

(इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावी दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मागच्या वेळी आपण सजीव कशाला म्हणायचं यावर बोललो होतो. वाढतो, खातो, श्वास घेतो, आपल्यासारखा दुसरा निर्माण करतो, तो सजीव. पण ही कामं करतं कोण? उसाचा एक टिपरा घ्या, त्याचे दोन तुकडे करा, चार करा, आठ करा. असं बारीक करत गेलो तर कुठल्या तुकड्यापर्यंत त्याला जिवंत म्हणता येईल? आजचा विषय म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर. तो शेवटचा जिवंत तुकडा म्हणजे पेशी.

शाळेच्या पुस्तकात एक वाक्य असतं : जशी भिंत विटांची, तसं शरीर पेशींचं. वाक्य सोपं आहे आणि पहिल्या दिवसापुरतं बरोबरही आहे. पण वीट स्वतः काही खात नाही. एका विटेच्या दोन विटा होत नाहीत. आणि विटेला दार नसतं. आज आपण मुख्यतः या दाराबद्दल बोलणार आहोत, कारण आम्ही काल संध्याकाळी इथे पोचलो आणि एका शेताच्या बांधावर उभे राहिलो, तेव्हा तिथला ऊस आम्हाला याच दाराची गोष्ट सांगत होता. त्या शेताकडे आपण परत येऊ. आधी कांदा.

कांद्याची पात आणि पहिली पेशी

टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवलाय. मुलांनी रांगेत या, मोठ्यांनीही लाजू नका. आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे घरी किंवा शाळेत करता येईल. कांदा उभा चिरला, आतला एक जाड पापुद्रा घेतला, तो मोडला आणि त्याच्या आतल्या बाजूची काचेसारखी पातळ साल चिमट्यानं ओढून काढली. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ती पसरली, वर आयोडीनचा एक थेंब सोडला आणि पातळ काच ठेवली. झालं.

काय दिसतंय? एक ताई म्हणाल्या, "फरशी बसवल्यासारखं." अगदी बरोबर. लांबट चौकटी, एकीला एक चिकटलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत एक पिवळसर ठिपका. प्रत्येक चौकट म्हणजे एक पेशी, आणि तो ठिपका म्हणजे तिचं केंद्रक. कांद्याची पेशी तशी मोठी असते. लांबीनं मोजल्या तर एका मिलिमीटरमध्ये तीन-चार बसतील. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र एका मिलिमीटरमध्ये सव्वाशेहून जास्त बसतात. दुसऱ्या टोकाला कोंबडीचं अंडं आहे. त्यातला पिवळा बलक ही मुळात एकच पेशी. म्हणजे पेशी डोळ्यांनी दिसतच नाही असं नाही, बहुतेक दिसत नाहीत एवढंच.

अशा चौकटी पहिल्यांदा पाहिल्या आणि चित्र काढून छापल्या त्या इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक यांनी, १६६५ साली. त्यांनी बुचाचा, म्हणजे बाटलीला लावतो त्या कॉर्कचा, पातळ काप घेतला होता. त्यात त्यांना छोट्या छोट्या रिकाम्या खोल्या दिसल्या, आणि इंग्रजीत खोलीला जो शब्द आहे तोच त्यांनी वापरला. गंमत बघा, हूक यांनी पाहिलं ते जिवंत काहीच नव्हतं. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. राहणारे केव्हाच निघून गेलेले, नुसत्या भिंती उरलेल्या.

आपल्याकडे अशा मेलेल्या भिंती कुठे बघायला मिळतात? कारखान्यावर. उसाचं चिपाड म्हणजे मुख्यतः उसाच्या पेशींच्या भिंती आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे धागे. आणि रस? तो त्या पेशींच्या पोटातला. उसाच्या कांड्यातल्या प्रत्येक पेशीत रिक्तिका नावाची एक मोठी पिशवी असते. पानानं उन्हात तयार केलेली साखर प्रवास करत करत या पिशवीत येऊन साठते. पक्व उसाच्या रसात साधारण १६ ते २० टक्के साखर असते. कारखान्याचे रोलर काय करतात? अब्जावधी पेशी फोडतात आणि पिशव्या रिकाम्या करतात. गुऱ्हाळावर उभे राहिलात तर तुम्ही पेशीशास्त्राचं प्रात्यक्षिकच बघत असता.

आता एक विचारतो. शेतात उभ्या उसावर महिनाभर पाऊस पडला, तरी त्यातली साखर विरघळून बाहेर का येत नाही? साखर तर पाण्यात विरघळते. तेच टिपरं ठेचून पाण्यात टाकलं की पाच मिनिटांत पाणी गोड. फरक एवढाच की ठेचल्यावर पेशीचं दार मोडलं.

भिंत वेगळी, दार वेगळं

वनस्पतीच्या पेशीला दोन आवरणं असतात. बाहेरची पेशीभित्तिका. ती जाड, ताठ, आणि बऱ्यापैकी भोकाभोकांची असते. पाणी, मीठ, साखर तिच्यातून आरपार जातात. झाडाला ताठपणा देणं हे तिचं मोठं काम. तिच्या आत चिकटून दुसरं आवरण असतं, पेशीपटल. हे इतकं पातळ की अशी लाखभर पटलं एकावर एक ठेवली तर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडी होईल. प्राण्यांच्या पेशीला, म्हणजे तुमच्या-आमच्या पेशीला, भित्तिका नसते, नुसतं पटल असतं.

पटल स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचं असतं. तेल आणि पाणी मिसळत नाही, हे स्वयंपाकघरात आपण रोज बघतो. म्हणून पाण्यात विरघळलेलं मीठ, साखर, खतं या तेलकट थरातून सहज जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. एक दार पोटॅशियमचं, एक साखरेचं, एक नायट्रेटचं. काही दारं नुसती उघडझाप करतात, काही पंपासारखी असतात, ती ऊर्जा खर्चून माल ओढून घेतात किंवा बाहेर फेकतात. खुद्द पाण्याच्याही खास वाटा असतात. त्या शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

आतल्या बाकीच्या मंडळींची ओळख थोडक्यात करून घेऊ, कारण पुस्तकात त्यांची यादी असतेच. केंद्रकात पेशीनं काय काय बनवायचं याच्या सूचना जपून ठेवलेल्या असतात. त्या सूचनांप्रमाणे प्रथिनं जोडण्याचं काम रायबोझोम करतात. तंतुकणिका ऑक्सिजन वापरून साखर जाळतात आणि त्यातून ऊर्जा काढतात, पंप त्याच ऊर्जेवर चालतात. हिरव्या पानाच्या पेशीत हरितलवकं असतात, ती उन्हाच्या जोरावर साखर तयार करतात. कांद्याच्या पापुद्र्यात ती दिसत नाहीत, कारण तो वाढतो मातीच्या अंधारात. एवढी नावं आज पुरेत. पण तंतुकणिका लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहेत.

मीठ घातलं की काय होतं

आता दुसरं प्रात्यक्षिक. या वेळी लाल कांदा घेतलाय आणि त्याची बाहेरच्या बाजूची रंगीत साल काढलीय. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या चौकटी गुलाबी दिसतात, काठोकाठ भरलेल्या. हा रंग रिक्तिकेतल्या रसाचा. आता वाटीभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून ते पाणी कडेनं आत सोडतो. थांबा दोन-चार मिनिटं.

बघा आता. चौकटी तशाच आहेत, पण आतला गुलाबी भाग आक्रसून मधे गोळा झालाय. कडेला मोकळी जागा पडली. भिंत उभी आहे आणि आतला माणूस कोपऱ्यात अंग चोरून बसलाय, असं काहीसं. याला रससंकोच म्हणतात. पेशीतलं पाणी बाहेर गेलं. कुणी ओढलं? बाहेरच्या मिठानं.

नियम साधा आहे. पटलातून पाणी ये-जा करू शकतं, मीठ सहज करू शकत नाही. अशा वेळी पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. याला परासरण म्हणतात. नाव नवीन वाटलं तरी गोष्ट घरातली आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. काकडीची कोशिंबीर आधीच मीठ घालून ठेवली की पाणचट होते. उलट मनुका रात्री पाण्यात टाकल्या की सकाळी टम्म फुगलेल्या, कारण आत साखर दाट आणि बाहेर पाणी पातळ. लोणचं आणि मुरांबा वर्षभर टिकतात त्याचंही मोठं कारण हेच. त्यावर येऊन पडलेल्या बहुतेक जिवाणूंच्या पेशीतलं पाणी मीठ किंवा साखर ओढून घेते, मग त्यांना वाढताच येत नाही.

आता याच कांद्यावर साधं पाणी सोडतो. फार उशीर झाला नसेल तर गुलाबी रंग परत पसरतो. पसरला. म्हणजे पेशी अजून जिवंत आहे, दार शाबूत आहे. पण रात्रभर मिठात ठेवली असती तर ती परत आली नसती. ही उशिराची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आता आपण त्या शेताकडे जाऊ.

पाण्यात उभं राहून तहानलेला ऊस

काल ज्या बांधावर उभे होतो तिथली माती पायाखाली ओली होती. वाळलेल्या जागी वर पांढरी खपली आलेली. ऊस मात्र पाणी न मिळाल्यासारखा, पानांची टोकं करपलेली, वाढ खुंटलेली. शेतकरीदादा म्हणाले, "पाणी कमी पडतंय म्हणून पाळी वाढवली, तरी सुधारत नाही." अशी शेतं बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात अनेकांनी पाहिली असतील. खारवट जमीन म्हणतो आपण तिला.

आता कांदा आठवा. उसाच्या मुळावर बारीक केसांसारखे मूलरोम असतात. प्रत्येक मूलरोम म्हणजे एका पेशीचाच लांब वाढलेला भाग. एरवी मातीतलं पाणी पातळ आणि पेशीतला रस दाट, म्हणून पाणी आपोआप आत येतं. मातीत मीठ साचत गेलं की हा फरक कमी कमी होतो. पाणी समोर आहे पण आत येत नाही. मीठ फारच वाढलं तर उलटा प्रवाह, मुळाचंच पाणी बाहेर. ओल्या मातीत ऊस तहानेला येतो तो असा.

सगळ्या पिकांची सहनशक्ती सारखी नसते. जमिनीतल्या क्षारांचं प्रमाण विद्युतवाहकतेवरून मोजतात, माती परीक्षणाच्या अहवालात हा आकडा असतो. संपृक्त मातीच्या अर्कात मोजला तर घेवड्याचं उत्पादन साधारण १ च्या पुढे घटू लागतं, उसाचं १.७ च्या पुढे, कापसाचं मात्र ७.७ च्या आसपास. म्हणजे ऊस हे तसं नाजूक पीक आहे. जी पिकं तग धरतात त्यांच्या पेशी काय करतात? आत शिरलेलं सोडियम पंपानं परत बाहेर ढकलतात, किंवा रिक्तिकेत कोंडून ठेवतात, म्हणजे बाकीच्या पेशीला त्याचा त्रास होत नाही. दोन्ही कामांना ऊर्जा लागते.

आणि इथे तंतुकणिका येतात. ऊर्जेला ऑक्सिजन हवा. मुळांना तो मातीच्या पोकळ्यांतल्या हवेतून मिळतो. आपण पाळी वाढवली, जमीन चिबड झाली, पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरलं की मुळाच्या पेशीचा श्वास कोंडतो. पंप थांबतात. ज्या वेळी मीठ बाहेर फेकायची सर्वांत जास्त गरज, नेमकी त्याच वेळी वीज गेली म्हणा ना. तहानलेला दिसतो म्हणून जास्त पाणी द्यावं, तर त्यानं ऊस आणखी बुडतो. वर त्या पाण्यानं भूजलाची पातळी चढते, उन्हानं पाणी उडून जातं आणि खालचे क्षार वर येऊन बसतात. ती पांढरी खपली त्याचीच.

ही आजची गोष्ट नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झालं. दुष्काळी मुलखाला त्यानं आधार दिला, यात शंका नाही. पण पंचवीस वर्षांतच, १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. आज बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांचा पिकांवर होणारा परिणाम हाच तिच्या अभ्यासाचा विषय.

मग करायचं काय? उपाय पेशीच सांगते. तिच्या दाराबाहेरचं मीठ कमी करा आणि तिला श्वास घेऊ द्या. मीठ धुऊन न्यायला चांगलं पाणी लागतं, पण धुतलेलं पाणी शेताबाहेर जायला वाट हवी. म्हणून आधी निचरा : चर, किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाईप. वाट नसताना नुसतं पाणी सोडणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना बादल्या ओतणं. जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलं असेल, तर जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, सुटलेलं सोडियम मग पाण्याबरोबर जातं. ताग-धैंचा गाडल्यानं माती भुसभुशीत होते. पण खारवट की चोपण, हे डोळ्यांनी ठरवू नका. आधी माती तपासा, जिप्समचं प्रमाण त्यावरून ठरतं.

तेच दार, आपल्या पोटात

उसाची गोष्ट आपल्या शरीराला किती लागू आहे, ते बघा. लहान बाळाला जुलाब लागले की त्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ झपाट्यानं जातं. पाणी पाजलं तर? आतड्याच्या पेशी आजारी असतात, नुसतं पाणी त्या पुरेसं ओढून घेत नाहीत. पण आतड्याच्या पेशीला एक विशेष दार आहे. ते ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आले तरच उघडतं आणि दोघांना जोडीनं आत घेतं. ते आत गेले की आतली बाजू दाट होते आणि मागोमाग पाणी आत येतं. तोच परासरणाचा नियम. आणि जुलाबातही हे दार बहुधा चालू राहतं.

जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, याच दारावर उभी आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून लोकांना प्यायला दिलं. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. एका पेशीच्या एका दाराची माहिती, आणि तिनं पुढे जगभर किती पोरं वाचवली.

घरी पुडी नसेल तर : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं वाढवू नका. जास्त झालं तर ते पाणी त्या खारवट शेतासारखं वागतं, पेशीतलंच पाणी बाहेर ओढतं. आणि बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

पेशीपासून पेशी

आता विटेतला दुसरा फरक. विटा भट्टीवर बनतात. पेशी कुठे बनतात? १८३८ साली जर्मनीत श्लायडेन यांनी सांगितलं की सगळ्या वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत. पुढच्याच वर्षी श्वान यांनी प्राण्यांबद्दल तेच म्हटलं. पण नवी पेशी येते कुठून, यावर दोघांचाही अंदाज चुकला होता. ती रसातून खडीसाखरेसारखी गोठत असेल, असं त्यांना वाटे. १८५५ साली रुडॉल्फ फिरखो यांनी नियम मांडला : प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच येते. रॉबर्ट रेमाक यांनी पेशी दुभंगताना पाहून हे त्याआधीच म्हटलं होतं, त्यांचं नावही घ्यायला हवं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपण सगळे एका पेशीपासून सुरू झालो. आज प्रत्येकाच्या अंगात सुमारे ३० ते ३७ लाख कोटी पेशी आहेत. तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून शरीराला दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या बनवाव्या लागतात. हे व्याख्यान ऐकताना तुमच्या अंगात केवढं काम झालंय बघा.

ऊस लावताना आपण बी पेरत नाही, डोळ्याचं टिपरं लावतो. त्या डोळ्यातल्या पेशी विभागत जातात आणि नवा ऊस उभा राहतो, आईसारखाच. को ८६०३२, ज्याला आपल्याकडे 'नीरा' म्हणतात, तो वाण लाखो एकरांवर आहे, आणि ती सगळी एकाच रोपाची पिलावळ. टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे हीच गोष्ट प्रयोगशाळेत आणखी लहान तुकड्यापासून करणं. १९०२ साली हाबरलांट यांनी कल्पना मांडली की झाडाच्या एका पेशीतून अख्खं झाड व्हायला हवं, कारण सगळ्या सूचना प्रत्येक पेशीत आहेत. त्यांना स्वतःला ते जमलं नाही. १९५८ साली स्टुअर्ड यांनी गाजराच्या सुट्या पेशींपासून रोपं करून दाखवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर टिश्यू कल्चरच्या बांबूला बाटलीतच फुलं आली, १९९० मध्ये. एरवी बांबू फुलायला कित्येक दशकं लागतात. आज मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची, जळगावला केळीची रोपं अशी तयार होतात. वाढीच्या अगदी टोकाच्या पेशी यासाठी घेतात, कारण रोगाचे विषाणू तिथवर बहुधा पोचलेले नसतात. रोप निरोगी मिळतं. पण ते खारवट रानात लावलं तर त्याच्याही मूलरोमाला तोच नियम लागू, हे विसरू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : युरिया बुडाशी टाकला की रोप करपतं, ते यामुळेच का?
उत्तर : हो, मोठं कारण हेच. युरिया किंवा कुठलंही विरघळणारं खत एका जागी दाट झालं की ते मिठासारखंच पाणी ओढतं. म्हणून थोडं थोडं, बुडापासून अंतर ठेवून, ओल असताना द्यायचं. ठिबकमधून पातळ करून दिलं तर आणखी बरं.

प्रश्न : तोडलेला ऊस लगेच गाळपाला न्या म्हणतात. तुटल्यावर पेशी मरतात ना?
उत्तर : लगेच नाही मरत, तीच अडचण. त्या श्वास घेत राहतात आणि साठवलेली साखर जाळतात. शिवाय साखरेचं विघटन करणारी विकरं कामाला लागतात, आणि पाणी उडून वजनही घटतं. ऊस रस्त्यावर पडून राहिला की शेतकऱ्याचं वजन जातं, कारखान्याचा उतारा जातो.

प्रश्न : करोनाचा विषाणू ही पेशी आहे का?
उत्तर : नाही. त्याला स्वतःचे रायबोझोम नाहीत, तंतुकणिका नाहीत, पंप नाहीत. तो आपल्या पेशीच्या एका दाराला जुळेल अशी किल्ली घेऊन येतो आणि आत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. जिवाणू मात्र पूर्ण पेशी असतात. म्हणून जिवाणूंवरची प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत.

प्रश्न : (एका आजींचा) कॅन्सर म्हणजे पेशीच बिघडते म्हणतात. खरं का?
उत्तर : खरं आहे, आजी. कधी विभागायचं आणि कधी थांबायचं याच्या सूचना केंद्रकात असतात. त्यात बिघाड साचत गेला की एखादी पेशी थांबायचं विसरते. पेशीपासून पेशी हाच नियम, मग तिची सगळी संततीही न थांबणारी. तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी तोंडातल्या पेशींच्या सूचनांची नासधूस होते. मिश्री दाताला लावायची म्हणून ती औषध होत नाही, ती तंबाखूच. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवा. लवकर सापडला तर उपचार होतात.

प्रश्न : शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर?
उत्तर : फोल्डस्कोप नावाचा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक मिळतो. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कांद्याची पेशी त्यातून छान दिसते. तोही नसेल तर बटाट्याच्या दोन सारख्या फोडी करा. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही वाकवून बघा. एक कडक, एक लुळी. पेशी दिसणार नाही, पण तिचं दार हाताला कळेल.

तर मंडळी, टिपरं चिरत गेलो तेव्हा शेवटचा जिवंत तुकडा आपल्याला पेशीत सापडला. तिच्यात दार आहे, ते राखायला ऊर्जा लागते, आणि ती आपल्यासारखी दुसरी घडवते. दार मोडलं की उरतं ते चिपाड. त्या शेतकरीदादांना आम्ही काल एवढंच म्हणालो, की पुढची पाळी देण्याआधी माती तपासून घ्या आणि शेताच्या खालच्या अंगाला चर खणता येतो का बघा. पुढच्या वेळी केंद्रकाच्या आत शिरू आणि त्या सूचना कुठल्या लिपीत लिहिल्यात ते पाहू.